धुळे–चाळीसगाव मेमू: काचा न फुटता पोचतात

चष्म्याच्या काचा फ्रेमला बसवून देणं हा माझा धंदा. धुळ्यात पाचकंदीलच्या मागल्या बाजूला एका खोलीत माझी दोन मशिनं आहेत. गिऱ्हाईक माझ्यासमोर येत नाही. चष्मेवाले फ्रेम आणि नंबर देतात, मी काच कापतो, कड घासतो, बसवतो आणि तयार चष्मा त्यांच्या दुकानात पोचवतो. चाळीसगावातले काही दुकानदार माझ्याकडे वर्षानुवर्षं काम देतात. त्यांचा माल दर आठवड्याला मीच घेऊन जातो, आणि जातो तो मेमूने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पॅसेंजर गाडीने. तेव्हा हे मत हौसेने एकदा बसून आलेल्याचं नाही. फुटला तर ज्याच्या खिशातून भरावा लागतो असा माल मांडीवर घेऊन बसणाऱ्याचं आहे.

घाईत असाल तर निकाल आधीच ऐका. गाडी चांगली आहे. स्वस्त आहे, अंगाला त्रास देत नाही, माल शाबूत नेते. कमी पडते ती फेऱ्यांत. नरडाण्यापर्यंत नवी लाइन येणार म्हणून सध्या धुळ्यात जो तो बोलतोय, त्या गलक्यात ही साधी गोष्ट कोणी काढतच नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आता सविस्तर. हल्ली बहुतेक काचा फायबरच्या येतात, पडल्या तरी सहसा फुटत नाहीत. भानगड असते ती रिमलेस फ्रेमची. तिथे काचेला भोक पाडून दांडी थेट स्क्रूने कसलेली असते. कुठे जोरात दणका बसला की त्या भोकापासून कडेपर्यंत एक बारीक चीर जाते. उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसतही नाही. दुकानदाराला दिसत नाही, मला दिसत नाही, गिऱ्हाईकाने घरी जाऊन चष्मा पुसला की अर्धी काच फडक्यात आणि अर्धी नाकावर. मग फोन येतो, आणि माझं दिवसभराचं कमिशन त्या एका काचेत जातं. रस्त्याने जाताना मागच्या सीटवर जागा मिळाली की हमखास हा प्रकार व्हायचा. कितीही स्पंज गुंडाळा, गतिरोधकापुढे त्याचं काही चालत नाही. मेमूने न्यायला लागल्यापासून चिरेचे फोन जवळजवळ बंद झाले. रूळ सरळ, धक्का एकसारखा, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायला जागा.

बसायचं कुठे हेही सांगून ठेवतो, कारण हे कोणी सांगत नाही. मेमूला वेगळं इंजिन नसतं. दोन्ही टोकांच्या डब्यांत मोटरी असतात, वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज घेऊन त्या गाडी ओढतात. त्यामुळे टोकाच्या डब्यात बसलात की घरघर आणि पायाखाली थरथर. मधले डबे नुसते ओढले जाणारे, ते शांत. त्या मधल्या डब्यातही दारापासून लांब, डब्याच्या बरोब्बर मध्यावर बसायचं. चाकं डब्याच्या दोन टोकांखाली असतात, मध्यावर हादरा सगळ्यात कमी. चष्मा, अंडी, देवाची तसबीर, नुकतं ऑपरेशन झालेला माणूस, काहीही न्यायचं असेल तर जागा हीच.

दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असल्याचा आणखी एक फायदा. धुळे म्हणजे शेवटचं स्टेशन. पूर्वी गाडी आली की इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, परत जोडायचं, असा सगळा सोहळा चाले. लहानपणी आम्ही तो बघायला जायचो, तेव्हा मजा वाटायची. चाळीसगावची गाडी पकडायच्या घाईत असलेल्याला त्यात मजा वाटत नाही. आता मोटरमन इकडून उतरतो, पलीकडे चढतो, झालं.

पैशांचं गणित तर सरळच आहे. एसटीचा नवीन दर, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत वाढवलेला, सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपये आणि वर काही पैसे असा आहे. धुळे–चाळीसगाव अंतर छप्पन-सत्तावन किलोमीटर, म्हणजे साधं तिकीट शंभरीच्या घरात. मेमूला त्याच्या पाव भागसुद्धा लागत नाही. बायकांना एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना तर फुकट. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबवली ती थांबलीच. तरीसुद्धा हिशेब मांडला तर बाईमाणसाला मेमूच स्वस्त पडते. फक्त पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना एसटी सोडवत नाही, आणि ते बरोबरच आहे, फुकटापुढे कुठला हिशेब? रोजचं येणं-जाणं असेल तर महिन्याचा पास काढा. चाळीसगावला नोकरी करणारे माझ्या ओळखीचे दोन मास्तर पासावरच जातात, आणि दिवसाकाठी येणारा खर्च ऐकून त्यांचे एसटीवाले सहकारी विषय बदलतात.

पण हे स्वस्तपण मधे काही वर्षं हरवलं होतं, तेही नोंदवायला हवं. ही लाइन १९०० सालची. वाफेचं इंजिन झालं, डिझेल झालं, धुळ्याहून मुंबईचा डबा निघायचा आणि चाळीसगावला मेन लाइनच्या गाडीला जोडला जायचा. रात्री झोपेत डब्याची आदळआपट झाली की समजायचं, चाळीसगाव आलं, आपल्याला जोडतायत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळंच थांबलं. २०२१ च्या डिसेंबरात मेमू सुरू झाली तेव्हा हार घातले, पेढे वाटले, आणि तिकीट काढायला गेलं तर किमान तीस रुपये, कारण पॅसेंजरला एक्स्प्रेसचा दर लावलेला. नुसत्या धुळ्याला नव्हे, देशभर तोच नियम होता. बोरविहीरहून धुळ्याला भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही तीस. २०२४ च्या फेब्रुवारीत तो दर मागे घेतला आणि किमान तिकीट पुन्हा दहावर आलं. त्यानंतर मधल्या स्टेशनांवरची गर्दी वाढलेली मी डोळ्यांनी पाहिली. शिरूडला, जामद्याला चढणारी माणसं परत दिसायला लागली. दुधाचे कॅन, मेथीच्या जुड्या, कोंबडीचं खुराडं सगळं परत आलं.

आमची गाडी निदान परत आली. पाचोरा–जामनेरची पीजे, म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी, त्याच लॉकडाऊनमध्ये थांबली ती रुंदीकरणाच्या नावाने अजून थांबलेलीच आहे. भुसावळ–मुंबई पॅसेंजरही गेली, तिच्या जागी २०२२ च्या जानेवारीपासून भुसावळ–इगतपुरी मेमू आली. ज्यांचं काम थेट कल्याण-ठाण्याला असायचं त्यांना आता इगतपुरीला उतरून पुढची गाडी बघावी लागते. तेव्हा शहाण्या माणसाने मेमूला उगाच नावं ठेवू नयेत, असं आमचे चाळीसगावचे एक जुने दुकानदार म्हणतात. "जे हातात आहे ते जपा, भाऊ. यांना काढून घ्यायला निमित्त लागत नाही."

आता मुद्द्याचं. या गाडीची खरी किंमत धुळे आणि चाळीसगाव या दोन गावांत नाहीच, ती चाळीसगावच्या पुलावर आहे. धुळ्याहून आलेली गाडी थांबली की निम्मी माणसं गावात जातात आणि निम्मी पूल चढून मेन लाइनच्या फलाटाकडे पळतात. जळगाव, भुसावळ, नाशिक, मुंबई, महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे-कोल्हापूर, सगळं तिथून. त्या पुलावर एकदा उभं राहून बघा. पुढे बॅगेची चाकं आपटत पळणारी पोरं, मागे "सावकाश रे, गाडी काय पळी जाई का?" म्हणत येणारी आई, आणि सगळ्यात मागे पायरीवर टेकलेले आजोबा, ज्यांच्यासाठी सगळे थांबलेत. मेमूचं वेळापत्रक चांगलं की वाईट हे धुळ्यात बसून ठरत नाही. पुलाच्या या टोकाला मेमू आणि त्या टोकाला मोठी गाडी, यांच्यामध्ये माणसाला किती वेळ मिळतो, यावर ते ठरतं. वीस-पंचवीस मिनिटं असली तर सोनं. पाच असली तर जीवाचा खेळ. दोन-अडीच तास असले तर माणूस म्हणतो, एसटीनेच गेलो असतो की जळगावला.

रस्त्याने जळगाव नव्वदेक किलोमीटर, एका बसमध्ये बसलं की उतरायचं नाही. रेल्वेने धुळे–चाळीसगाव छप्पन आणि पुढे चाळीसगाव–जळगाव नव्वदच्या वर. विद्यापीठ जळगावला, त्यामुळे गुणपत्रिकेत नाव चुकलं तरी धुळ्याच्या पोराला जळगाव गाठावं लागतं. देवपुरातली एक मुलगी गाडीत नेहमी भेटते, पीएचडीच्या कामासाठी जाते. जाताना ती मेमूने जाते, येताना एसटीने. का, तर सकाळी जोडगाडी नीट मिळते, संध्याकाळी मिळत नाही. असं अर्धं-अर्धं रेल्वे आणि एसटी खाणारी माणसं या लाइनवर पुष्कळ आहेत. त्यांना पूर्ण रेल्वेवर आणायचं तर नवीन रूळ टाकावे लागत नाहीत. दुपारी एक आणि रात्री उशिरा एक, अशी फेरी वाढवली तरी बरंच काम होईल. लाइन एकेरी आहे हे कबूल, समोरून गाडी येत असेल तर एकीला मधल्या स्टेशनात थांबायलाच लागणार. पण दिवसातले कितीतरी तास त्या रुळांवर शेळ्या चरतात, हेही मी खिडकीतून बघतोच.

चाळीसगावला दोन तास अडकलात तर वैतागू नका. स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर केकी मूस यांचं कलादालन आहे. तिथली टेबलटॉप फोटोग्राफी बघा. टेबलावर कापूस, काड्या, खडे असं काहीबाही मांडून त्या माणसाने हिमालय उभा केलाय. सावली कुठून पडली आहे हे शोधायला माझ्यासारख्या काचवाल्याला अर्धा तास लागतो. त्यांची आणि मुंबईहून येणाऱ्या मेलची गोष्ट खान्देशात ज्याला त्याला पाठ आहे, ती मी सांगत बसत नाही. खाण्याचं म्हणाल तर स्टेशनबाहेर शेवभाजी कुठेही मिळते, तिखटाला फक्त आधी सांगा. फलाटावरचा चहा मात्र मी घेत नाही. एका स्टॉलवाल्याने एकदा सुट्ट्याऐवजी चॉकलेट दिलं होतं, आणि मी काही लहान पोर नाही.

धुळ्याच्या टोकाला स्टेशनाचं रूप पालटलंय. अमृत भारत योजनेत जी स्टेशनं झाली त्यांचं २०२५ च्या २२ मे रोजी उद्घाटन झालं, त्यात धुळे होतं, सावदाही होतं. दर्शनी भाग देखणा झालाय, बाहेर गाड्या लावायला जागा झालीय, रात्री दिवे लागले की लोक फोटो काढतात. २०२३ पासून मुंबईची थेट गाडीही सुटायला लागली, तिला गर्दी चांगली असते. पण चमकणारी फरशी ओलांडून बाहेर आलं की रिक्षाचा भाव तोच, "बोला ना दादा, काय द्यायचं ते द्या," आणि दिल्यावर तोंड वाकडं. देवपूरला जाणाऱ्याने तिघे गोळा करून शेअर रिक्षा करावी. गाडीतच ओळखी काढून ठेवल्या तर बाहेर घासाघीस करावी लागत नाही. मी तेच करतो.

आता नरडाण्याची गोष्ट. ज्यांना नकाशा डोळ्यांसमोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुळ्याच्या दक्षिणेला चाळीसगाव, तिथून मुंबई–भुसावळ मेन लाइन. उत्तरेला महामार्गाने पस्तीसेक किलोमीटरवर नरडाणा, तिथून सुरत–भुसावळची ताप्ती लाइन. मधे धुळे, आणि धुळ्याहून उत्तरेला रूळच नाही. त्यामुळे धुळ्याच्या माणसाला रेल्वेने नंदुरबारला जायचं झालं तर आधी चाळीसगाव, मग जळगाव, मग अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा करत नंदुरबार. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. म्हणून कोणी जात नाही. नवी लाइन बोरविहीरला आमच्याच मेमूच्या रुळातून फुटणार आणि नरडाण्याला ताप्ती लाइनला मिळणार, पन्नासेक किलोमीटर. १६ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधान धुळ्यात आले होते तेव्हा तिचं भूमिपूजन झालं. मनमाड–इंदूर रेल्वेचा हा पहिला तुकडा. त्या पूर्ण लाइनला २०२४ च्या २ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवीन स्टेशनं, आणि २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय.

आकडा कळल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात त्यावरून जी चर्चा झाली ती कुठल्या सभागृहात झाली नसेल. एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसली होती. ती अहिराणीत म्हणाली, "मनं लगीन व्हयनं तवयपाईन आयकी ऱ्हायनी, इंदूरनी गाडी येवाव शे. मना नातूनं लगीन व्हयनं, गाडी काही उनी नही." म्हणजे तिचं लग्न झालं तेव्हापासून ऐकतेय, नातवाचं लग्न झालं तरी गाडी आली नाही. सगळे हसले. शेजारचा एक जण म्हणाला, "आजी, या वेळेला पैसा मंजूर झालाय." तिने शेंगेची टरफलं पदरात गोळा केली आणि म्हणाली, "पैसा त् मना पोऱ्यालेबी मंजूर व्हयेल शे, घरकुलना." त्यावर कोणी काही बोललं नाही.

बोरविहीरकडचा एक शेतकरी आहे, सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्या वावरातून लाइन जाते. आप्पांचं म्हणणं पैशांबद्दल नव्हतं. "पैसा भेटना, खोटं कसाले बोलू. पन वावरना दोन तुकडा हुयी ग्यात ना भो. एक रुळना आथा, एक तथा. हिर आथा, कपाशी तथा. पानी कसं लयी जाऊ?" हिर म्हणजे विहीर, आथा-तथा म्हणजे इकडे-तिकडे. पाइप रुळांखालून न्यायला परवानगी मिळते, कागदपत्रं लागतात, असं डब्यातल्या एकाने समजावलं. आप्पा ऐकून घेत होते. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला, मोजणीच्या वेळचा. त्यावर बोटाने लाइन दाखवली. लाल शाईची रेघ विहिरीच्या इतक्या जवळून गेली होती की बोट ठेवलं तर दोन्ही झाकली जात होती. तो नकाशा त्यांनी डब्यातल्या प्रत्येकाच्या हातात दिला, आणि प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं, कारण माझ्याकडे भिंग असतं. मी भिंग लावून बघितलं. रेघ विहिरीला लागून होती, विहिरीवरून नव्हती. हे सांगितल्यावर आप्पांना एवढं बरं वाटलं की शिरूडला चढलेल्या पोराकडून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

माझ्या मशिनवर काम करणाऱ्या पोराचा थोरला भाऊ नरडाण्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. रोज धुळ्याहून जातो, कधी एसटी, कधी काळी-पिवळी, पावसात कधी कोणाच्या टेम्पोत. त्याला या लाइनबद्दल विचारलं तर त्याचा एकच प्रश्न: "सकाळच्या पाळीला सात वाजता पोचवेल का?" नाही पोचवलं तर त्याच्या दृष्टीने ती लाइन इंदूरला जावो नाहीतर काशीला. मला हा प्रश्न सगळ्यात शहाणपणाचा वाटला. आणि त्याचं उत्तर रुळात नाही, वेळापत्रकात आहे.

चाळीसगावच्या दुकानदारांचं मन मात्र थोडं खट्टू झालंय, ते उघड बोलत नाहीत इतकंच. धुळेकराला आजपर्यंत मोठ्या गाडीसाठी चाळीसगावलाच यावं लागायचं. नरडाणा जोडलं की सुरतेचा रस्ता थेट उघडणार. कापडवाले, किराणावाले, आम्ही काचवालेसुद्धा, सुरतेकडे आमचा ओढा आहेच. एक चष्मेवाले मला म्हणाले, "मग तुम्ही आमच्याकडे कशाला याल हो, नंदुरबारची दुकानं धराल." मी हसण्यावारी नेलं. पण रात्री परतीच्या गाडीत मी नंदुरबारच्या दुकानांचा विचार करत होतो, हे खरं आहे. दोंडाईचा, नंदुरबार, शहादा, तिकडे फिटिंगची कामं पुष्कळ आणि करणारे थोडे. काचा न हलता नंदुरबारला पोचणार असतील तर मी कशाला नको म्हणू?

शिरपूरवाले आणखी वेगळे. त्यांना नरडाण्याच्या तुकड्यात रस नाही, त्यांना पुढचा हवाय, जो शिरपूरवरून सातपुडा चढून सेंधव्याकडे जाणार. आग्रा रोडवर बिजासनचा घाट ज्याने ट्रकच्या मागे रांगेत काढलाय त्याला ही ओढ समजेल. पण डोंगर पोखरायचं काम आणि सपाटीवर माती टाकायचं काम यात फरक आहे, त्यामुळे शिरपूरकरांनी तूर्त एसटीचा पास नूतनीकरण करून घ्यावा.

मग माझं काय म्हणणं? नवी लाइन यावी, लवकर यावी, आप्पांच्या विहिरीला पाइप जाऊ देऊन यावी. पण ती जिथून फुटणार त्या जुन्या रुळावर आज किती गाड्या धावतात, हे कोणी विचारत नाही. उद्या बोरविहीर जंक्शन होईल, आज बोरविहीरला दुपारी उतरलेल्या माणसाला परतीची गाडी किती वेळाने आहे ते बघा. ज्या स्टेशनातून दोन दिशांना गाड्या सुटायच्या आहेत, तिथल्या लोकांना आधी एका दिशेची सवय तरी लागू द्या. मेमू भरून गेली तर उद्या नव्या लाइनवर गाडी मागताना तोंड राहतं. रिकामी गेली तर वरच्यांना सांगायला सोपं, की धुळेकरांना रेल्वे लागतच नाही. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला मेमूचं तिकीट काढायला लावतो. बिनतिकीट जाणाऱ्यांना तर तोंडावर बोलतो. पंधरा-वीस रुपये वाचवायला आपल्याच गाडीची मोजणी कमी करायची, ही कसली हुशारी? विकल्या न गेलेल्या तिकिटाचा प्रवासी कागदावर नसतो.

काही कामाच्या गोष्टी राहिल्या. तिकीट मोबाइलवरून काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. आत आल्यावर ॲप अडून बसतं, मग खिडकीजवळ लावलेला क्यूआर स्कॅन करावा लागतो. बाजाराच्या दिवशी सकाळची गाडी भरलेली असते, त्या दिवशी नाजूक माल नेऊ नका. उन्हाळ्यात पश्चिमेची खिडकी संध्याकाळी टाळा, धुळ्याकडे येताना ती डाव्या हाताला येते आणि पार शिरूडपर्यंत ऊन तोंडावर. पावसाळ्यात मात्र उलट, गिरणेचा पूल आला की दोन्ही खिडक्यांना माणसं चिकटतात, पाणी किती आलं बघायला, आणि त्यावरून जामद्याच्या कालव्याला पाणी कधी सुटेल याच्या पैजा लागतात. त्या पैजांत पडू नका. जामद्याला चढणारे लोक त्यात हरत नाहीत.

पाच पैकी चार. उरलेला एक दुपारच्या फेरीसाठी राखून ठेवलाय.